हातचं राखून

जुलैतला शनिवार होता. झेरॉक्सच्या दुकानातून गठ्ठा उचलला, न उघडताच प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबला आणि भर पावसात स्कूटर दामटत आठच्या बॅचला पोचले. बावीस मुलं. कागद वाटून झाले, मी खडू हातात घेतला आणि मागून आवाज आला, "मॅडम, ऑप्शन्स कुठायत?"

माझा कागद दोन रकान्यांत असतो. डावीकडे वाक्यं, उजवीकडे पर्याय. यंत्रात पान सरकलं होतं की दुकानातला पोरगा पेंगत होता कोण जाणे, पण बावीसच्या बावीस प्रतींमधला उजवा रकाना गायब होता. वाक्यं शाबूत, त्यातल्या रिकाम्या जागा शाबूत, आणि त्या भरायला काही म्हणजे काही नाही. मूळ प्रत घरी राहिली होती.

मी पुण्यात जीआरई या प्रवेशपरीक्षेचं व्हर्बल, म्हणजे इंग्रजी भाषेचा भाग, शिकवते. अमेरिकेत एमएस करायला निघालेली मुलं, बहुतेक इंजिनियर. गणिताच्या भागात त्यांना कुणी हात धरत नाही आणि शब्द म्हटलं की घाम फुटतो. शब्दांचे प्रश्न दोन तऱ्हेचे. एकात एक, दोन किंवा तीन रिकाम्या जागा असतात आणि सगळ्या बरोबर भरल्या तरच गुण, अर्ध्या कामाचं काही मिळत नाही. याला टेक्स्ट कम्प्लिशन म्हणतात, क्लासात टीसी. (पहिल्या दिवशी कुणीतरी तिकीट दाखवायचा विनोद करतंच.) दुसऱ्या तऱ्हेत जागा एकच, पर्याय सहा, आणि असे दोन निवडायचे की दोन्हींनी वाक्याचा अर्थ सारखाच व्हावा. ही सेंटेन्स इक्विव्हॅलन्स, म्हणजे एसई. सप्टेंबर 2023 पासून परीक्षा आखूड झाली. आता व्हर्बलच्या पहिल्या विभागात 18 मिनिटांत 12 प्रश्न आणि दुसऱ्यात 23 मिनिटांत 15. यातच उतारेही वाचायचे असतात, त्यामुळे शब्दांच्या प्रश्नाला मिनिटभर मिळालं तरी पुष्कळ.

मी स्वतः ही परीक्षा 2006 साली दिली. तेव्हा सरळ विरुद्धार्थी शब्द विचारत, शब्दांच्या जोड्या लावायला देत. त्या प्रश्नांत वाक्यबिक्य काही नाही, एक शब्द तोंडावर फेकायचा आणि त्याचा उलटा ओळखायचा. जाडजूड यादी पाठ केली की निम्मं काम होई. ऑगस्ट 2011 मध्ये ते प्रश्न गेले, पण यादी गेली नाही. सीनियरकडून ज्युनियरकडे ती अजून वारशासारखी येते, कोपरे दुमडलेली, चहाचे डाग पडलेली.

मागच्या बाकावरून ओरडणारा मुलगा त्या यादीचा वारसदार होता. बार्शीचा, दहावीपर्यंत मराठी माध्यम, मेकॅनिकल झालेला. बॅचमध्ये सगळे त्याला बार्शीकरच म्हणायचे. त्याच्या खिशात रबर बँड लावलेली फ्लॅशकार्डं असत आणि बसमध्ये, कँटीनमध्ये, रांगेत तो ती उलटत असे. कुठलाही शब्द विचारा, अर्थ तयार. मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, व्हर्बल मात्र 145. हे गुण 130 ते 170 मध्ये मोजतात, म्हणजे 145 म्हणजे काय ते कळेल. त्याचं आणि माझंही कोडं सुटत नव्हतं.

वाक्यं मीच रचलेली, त्यामुळे पर्याय मला तोंडपाठ होते. पण वीस प्रश्नांचे शंभरावर शब्द फळ्यावर लिहायचे म्हणजे अर्धा तास जाणार. तेवढ्या वेळात मुलांनी मोबाइल काढू नयेत म्हणून मी म्हटलं, "मी लिहीपर्यंत प्रत्येक रिकाम्या जागेत काय बसेल ते तुम्ही लिहा. इंग्रजी सुचत नसेल तर मराठीत लिहा." दोन मुलं हिंदीभाषक होती, त्यांना म्हटलं हिंदीत. यामागे कसलाही शैक्षणिक विचार नव्हता. वर्ग गप्प बसायला हवा होता, इतकंच.

पहिलं वाक्य मराठीत सांगायचं तर असं होतं: समितीने त्या तरुण शास्त्रज्ञाच्या कामाची स्तुती केली, पण ती —— स्तुती होती: अहवालातल्या प्रत्येक कौतुकामागे एक 'मात्र' उभा होता.

लिहिता लिहिता मी विचारलं, काय भरलंत? 'खूप', 'मनापासून', 'खोटी', 'वरवरची'. पुढच्या बाकावरची मुलगी, कॉन्व्हेंटची, मॉकला 160 च्या पुढे, तिने 'लुकवॉर्म', म्हणजे कोमट, असं लिहिलं होतं. वाईट नाही. मग बार्शीकर जरा लाजत म्हणाला, "हातचं राखून."

माझा खडू थांबला. वाक्यातला 'पण' त्याने पकडला होता, अपूर्णविरामानंतरचा 'मात्र' पकडला होता, आणि दोन्हींना पुरेल असा नेमका, तोलून मापून शब्दप्रयोग दिला होता. 'खोटी' का नाही, हेही त्यालाच विचारलं. "खोटी कुठं म्हणलंय मॅडम? स्तुती खरीच हाय. फक्त सगळी नाही केली."

एवढं झाल्यावर मी त्या वाक्याचे पाच पर्याय लिहिले: इफ्यूसिव्ह, युनॅनिमस, इन्सिन्सियर, क्वालिफाइड, अनस्टिंटिंग. आणि म्हटलं, आता उचल यातून तुझं हातचं राखून.

त्याने इन्सिन्सियर उचललं.

"अरे, आत्ताच तर तू म्हणालास की खोटी नाही!"

"हो, पण बाकीचं काहीच बसत नाही. इफ्यूसिव्ह म्हणजे भरभरून, अनस्टिंटिंगपण तेच. युनॅनिमस म्हणजे एकमताने. आणि क्वालिफाइड म्हणजे शिकलेला."

सगळे हसले, पण मला हसू आलं नाही, कारण त्याचं 145 कुठून येत होतं ते मला तिथे उभ्याउभ्या दिसलं. इफ्यूसिव्ह आणि अनस्टिंटिंग हे कार्डावरचे शब्द, ते त्याला चोख येत होते. क्वालिफाइडचं त्याने कार्ड केलंच नव्हतं. का करेल? 'मुलगा वेल क्वालिफाइड आहे' हे लग्नाच्या बोलण्यांत लहानपणापासून ऐकलेलं. इंग्रजीत मात्र त्याचा दुसरा अर्थ आहे: अटी घालून, मर्यादा ठेवून केलेलं. हातचं राखून. शब्दशः तेच.

फळा तसाच सोडून मी अशा ओळखीच्या शब्दांची चौकशी सुरू केली. सँक्शन? "मंजूर," सगळा वर्ग एका सुरात. कर्ज सँक्शन होतं, रजा सँक्शन होते. आणि एका देशाने दुसऱ्यावर लादलेली सँक्शन्स? तेव्हा कुठे निर्बंध आठवले. मंजुरी आणि बंदी, दोन्ही एकाच शब्दाच्या पोटात. टेंपर? "राग. आमच्या एचओडींना फार टेंपर आहे." क्रियापद म्हणून टेंपर म्हणजे सौम्य करणं, धार कमी करणं, जवळजवळ उलटंच. फ्लॅग? झेंडा. पण उत्साह फ्लॅग होतो तेव्हा तो फडकत नाही, मावळतो. इंदूरचा मुलगा इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "मॅडम, हे म्हणजे शिक्षासारखं झालं. मी पुण्यात आलो तेव्हा रूममेट म्हणाला, मला शिक्षा झाली. मी म्हटलं, बधाई हो." त्या दिवशीचं सगळ्यात चांगलं उदाहरण त्याचंच.

फळ्यावर मी एक ओळ लिहिली, ती मात्र विचारपूर्वक: पर्याय खोडायचा तो अर्थ बसत नाही म्हणून, 'हा शब्द मला येतो' एवढ्यावर खोडायचा नाही. अनोळखी शब्दाला आपण निदान बिचकून वागतो. ओळखीच्याला दारातूनच परत पाठवतो.

पुढचं वाक्य एसईचं होतं. सलग दोन वर्षं पाऊस न पडल्यावर गाव उरलेलं पाणी —— शिकलं. मला वाटलं सगळे 'वाचवायला' लिहितील. बऱ्याच जणांनी तेच लिहिलं होतं. बार्शीकराने लिहिलं होतं, 'पुरवून वापरायला'. दुष्काळी भागातलंच पोर, त्याला सांगायला कोण लागतं. पर्याय लिहिले: स्क्वाँडर, हजबंड, प्युरिफाय, डिसिपेट, डायव्हर्ट, कन्झर्व्ह.

"हजबंड?" पहिल्या बाकावरून किंचाळी. "पाण्याचा नवरा?"

हजबंड हे क्रियापदही आहे आणि त्याचा अर्थ नेमका पुरवून वापरणं, म्हणून कन्झर्व्हशी त्याची जोडी जमते. पण इथे खरी मौज दुसऱ्या जोडीत होती. स्क्वाँडर आणि डिसिपेट, दोन्ही उधळणं. सहा जणांनी तीच जोडी धरली होती. कशी धरली? वाक्याकडे न बघता. सहांत दोन समानार्थी दिसले की लावली खूण. परीक्षा काढणाऱ्यांना ही सवय पाठ आहे, म्हणून एकमेकांशी छान जमणारी आणि वाक्याशी अजिबात न जमणारी जोडी ते मुद्दाम पेरून ठेवतात. ज्यांनी आधी मराठीत काहीतरी लिहून ठेवलं होतं, त्यांच्यातला एकही या जोडीत अडकला नाही. अडकलेले सहाही जण मी पर्याय लिहीपर्यंत नुसते वाट बघत बसलेले होते.

तिसऱ्यात कॉन्व्हेंटची मुलगी फसली. लांबलेल्या तापानंतर आलेल्या माणसाचं वर्णन, पर्यायांत एनर्व्हेटेड. तिने तो खोडला, कारण तिला त्यात एनर्जी ऐकू आली. लॅटिनमध्ये या शब्दाचा मूळ अर्थ स्नायू काढून घेणं. शब्दाच्या चेहऱ्यावरून कुळी ओळखायची कला चांगली, मीही शिकवते. संस्कृत येणाऱ्याला तर पेडेस्ट्रियनमधला पद आणि इग्नाइटमधला अग्नी लगेच सापडतो. पण एनर्व्हेट किंवा नॉइसम अशा शब्दांपाशी ती तोंडघशी पाडते. नॉइसमचा नॉइजशी काही संबंध नाही, त्याला घाण वास येतो. बार्शीकराने त्या जागी लिहिलेलं होतं, 'गळून गेलेला'. या खेपेला त्याने एनर्व्हेटेड बरोबर उचललं; त्याचं कार्ड होतं ना त्याच्याकडे.

सगळं असंच झकास झालं असतं तर मी पद्धतीचं पेटंट घेतलं असतं. सातव्या वाक्यापाशी गाडी रुतली. तीन रिकाम्या जागा, कलेच्या इतिहासावरचं लांबलचक वाक्य, त्यात दोन नकार एकमेकांच्या मानगुटीवर बसलेले. बार्शीकर मराठीत भाषांतर करायला गेला आणि 'असं नाही म्हणता येत नाही' इथे बुडाला. पाच मिनिटं गेली. परीक्षेत तेवढ्यात तीन-चार प्रश्न झाले असते. तिथे कॉन्व्हेंटच्या मुलीने वाट दाखवली. ती शब्द शोधतच नव्हती. जागेच्या डोक्यावर फक्त अधिक किंवा उणे अशी खूण करत होती: इथे लेखकाला बरं म्हणायचंय, इथे वाईट. आणि सुरुवात पहिल्या जागेपासून नाही, जिथे सुगावा सगळ्यात पक्का त्या तिसऱ्या जागेपासून. ती भरली की दुसरी सुटली, दुसरीमुळे पहिली. "पहिली जागा पहिल्यांदा भरायची असं कुठं लिहिलंय?" असं ती बार्शीकराला म्हणाली, जरा फणकाऱ्यानेच. त्याने ते वहीत लिहून घेतलं.

अधिक-उणेचा भाव मराठी माणसाला खरं तर सांगावा लागू नये. पैसे जपून खर्च करणाऱ्याला आपण काटकसरी म्हणतो, कंजूष म्हणतो, चिकट म्हणतो. माणूस तोच, बोलणाऱ्याचं तोंड वेगळं. फ्रूगल आणि पार्सिमोनियसमध्येही तेवढंच अंतर. यादीत मात्र दोन्हींपुढे एकच अर्थ छापलेला असतो.

दहाला संपणारा वर्ग सव्वाअकरापर्यंत चालला. वीसपैकी अकराच प्रश्न झाले. दुसऱ्या बॅचसाठी मी झेरॉक्सवाल्याकडे पुन्हा गेले, तेव्हा तो हात जोडून म्हणाला, ताई, नव्याने काढून देतो, पैसे नकोत. मी त्याला रागवायचं ठरवून गेले होते, ते राहूनच गेलं.

यादी फेकून द्या असं मी कधीच म्हणत नाही. बार्शीकरालाही म्हटलं नाही. हातचं राखून सुचलं तरी समोरच्या पाचांतलं कुठलं ते कळायला शब्द यावेच लागतात. कार्डांच्या मागे अर्थाऐवजी एकेक वाक्य लिही, आणि रोजच्या बोलण्यातले पन्नास इंग्रजी शब्द शब्दकोशात परत बघ, एवढंच सांगितलं. पुढच्या आठवड्यात तो 'कॅथलिक' (व्यापक), 'चेक' (आळा घालणं) आणि 'वाँटिंग' (उणा) घेऊन आला. चेहऱ्यावर आपलाच माणूस फितूर निघाल्याचा भाव.

सप्टेंबरात त्याने परीक्षा दिली. व्हर्बल आणि क्वांटचे, म्हणजे गणिताचे, अनधिकृत गुण शेवटी पडद्यावरच दिसतात, त्यामुळे केंद्राबाहेर पडल्या पडल्या फोन आला. व्हर्बल 152. फार मोठी उडी नाही, पण त्याच्या यादीतल्या विद्यापीठांना चालणारी होती. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, एक वाक्य असलं भारी होतं..."

"सांगू नकोस," मी म्हटलं. "प्रश्न बाहेर सांगणार नाही म्हणून कबूल करून आत गेलास ना?"

"वाक्य नाय सांगत. मी मराठीत काय भरलं ते सांगू? त्याला कुठं बंदी हाय?"

"सांग."

"आढेवेढे."

फोन ठेवल्यावर रात्री भाकऱ्या थापताना माझ्या डोक्यात तेच. इक्विव्होकेट असेल का? पण ते बोलण्यातले आढेवेढे. डिमर? ते कबूल करतानाचे. टेम्पोराइझ म्हणावं तर तो नुसता वेळकाढूपणा. वाक्य हाताशी नसल्यामुळे मला काही ठरवता येईना.