खड्यापेक्षा त्याची सावली बघा

पित्ताशयाची सोनोग्राफी करताना नवख्या माणसाची नजर पांढऱ्या ठिपक्यावर खिळते. पोटात पांढरे ठिपके ढिगाने सापडतात. ठिपक्यामागे काळी, स्वच्छ कडांची सावली पडते का आणि कूस बदलली की तो घरंगळतो का, या दोन गोष्टींवर खडा ठरतो. आता गंमत अशी की हल्लीची मशीन चित्र देखणं करण्याच्या नादात नेमकी ही सावलीच पुसून टाकतात.

सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे कंपाउंडिंग. त्यात मशीन वेगवेगळ्या कोनांतून ध्वनिलहरी सोडून चित्रं एकत्र करतं. दाणेदारपणा जातो, कडा सुबक येतात, पण तिरक्या लहरी खड्याच्या मागे शिरतात आणि सावली फिकट, निमुळती होते. शंका आली की ते बंद करा. बटणाला प्रत्येक कंपनीने वेगळं नाव दिलंय, तेवढं आपल्या मशीनवर आधी शोधून ठेवा. हार्मोनिक (सोडलेल्या लहरींच्या दुप्पट फ्रीक्वेन्सीच्या प्रतिध्वनीतून चित्र बनवणारी सोय) मात्र चालू राहू द्या. पित्तातला खोटा धूसरपणा त्याने कमी होतो.

दुसरं कारण फोकस. दोन-तीन मिलिमीटरचा खडा लहरींच्या झोतापेक्षा अरुंद असेल, तर बाजूने निसटलेल्या लहरी सावली भरून काढतात. झोत सगळ्यात अरुंद असतो तो फोकसपाशी, म्हणून फोकस खड्याच्याच पातळीवर आणा. मग फ्रीक्वेन्सी वाढवून बघा. पोटाच्या वक्र प्रोबवर (अंगाला टेकवायचा, लहरी सोडणारा आणि टिपणारा भाग) साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झ मिळतात. बारीक अंगाच्या रुग्णाला वरचं टोक सहज चालतं. स्थूल रुग्णाला नाही. मऊ ऊतींमध्ये दर सेंटिमीटरला, दर मेगाहर्ट्झमागे साधारण अर्धा डेसिबल शोषला जातो. १० सेंटिमीटर खोलीवर ५ मेगाहर्ट्झला जाऊन-येऊन ५० डेसिबल गेले, ३ मेगाहर्ट्झला ३०.

गेन, म्हणजे चित्राचा एकूण उजळपणा, वाढवणं हा तर सवयीचाच दोष. यकृत मध्यम करडं आणि पित्त काळं दिसेल इतकाच ठेवा. पित्ताशयामागचा भाग मुळातच उजळ दिसतो, कारण द्रवात लहरी फारशा शोषल्या जात नाहीत. त्यात त्या खोलीची टीजीसीची (खोलीनुसार गेन कमी-जास्त करणारी) पट्टी पुढे सरकवलेली असेल, तर लहान खड्याची सावली हमखास बुडते.

आता उलट बाजू: सावली आहे, पण खडा नाही. पित्ताशयाच्या मानेपाशी वळणदार भिंतीवर लहरी वाकतात आणि कडेपासून बारीक सावली निघते. तिच्या टोकाला पांढरा ठिपका नसतो आणि प्रोबचा कोन बदलला की ती हलते किंवा नाहीशी होते. शेजारच्या ड्युओडेनममधला (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातला) वायूही फसवतो. त्याची सावली मळकट असते, आत करड्या रेषा दिसतात. मिनिटभर थांबलात तर आतड्याच्या हालचालीने तिचं रूपच बदलतं. खड्यांनी गच्च भरलेलं, आक्रसलेलं पित्ताशय मात्र नेमकं उलटं फसवतं: आधी भिंतीची पांढरी कमान, मग खड्यांची, मग भली मोठी काळी सावली. घाईत ते आतड्यातला वायू समजून सोडलं जातं.

सावली प्रोबला लागूनच, चित्राच्या अगदी वरून सुरू होत असेल तर आधी जेल बघा. दोन बरगड्यांमधून बघताना प्रोब फटीच्या रेषेत वळवलाय ना, तेही बघा. तरी प्रत्येक रुग्णात त्याच जागी काळा पट्टा येत असेल, तर दोष प्रोबच्या क्रिस्टलचा किंवा केबलचा.

पूर्वतयारी म्हणजे ६ ते ८ तास उपाशीपोटी. पोटभर जेवलेल्या माणसाचं पित्ताशय आक्रसतं आणि भिंत ३ मिलिमीटरच्या वर, म्हणजे सुजल्यासारखी, भरते. त्यामुळे शेवटचं खाणं किती वाजता झालं ते आधी विचारायचं आणि लिहायचं. जाडी मोजायची ती पुढच्या भिंतीची, लहरी काटकोनात पडत असताना. मागची भिंत पित्ताशयामागच्या उजळपणामुळे फुगलेली दिसते.

रुग्णाला आधी उताणं, मग डाव्या कुशीवर, गरज पडल्यास बसवून बघा. ‘खोल श्वास घ्या, धरा’ म्हटल्यावर यकृत खाली येतं आणि पित्ताशय बरगड्यांखालून बाहेर डोकावतं. वायू आड आला तर प्रोब हळूहळू दाबत जा, एकदम नाही. कुशीवर वळवल्यावर काही क्षण थांबा: खडा चटकन घरंगळतो, गाळ सावकाश सरकतो, पॉलिप (भिंतीतूनच उगवलेली गाठ) भिंतीला चिकटूनच राहतो. मानेत अडकलेला खडाही हलत नाही, म्हणून ‘हलत नाही म्हणजे पॉलिप’ असं परस्पर ठरवू नका. तिथे सावलीच कामाला येते. जिथे प्रोब दाबल्यावर सर्वात जास्त दुखतं ती जागा पित्ताशयावरच आहे का, याचीही नोंद हवी. वेदनाशामक आधीच दिलं असेल तर तेही लिहा, कारण मग न दुखण्याला फारसा अर्थ उरत नाही.

लांबीत आणि आडवी, दोन्ही चित्रं साठवा. प्रत्येकावर रुग्णाची स्थिती टंकायची: ‘उताणं’, ‘डावी कूस’. रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांपुढे गोठलेलं चित्रच असतं, आणि त्यावर स्थिती लिहिलेली नसेल तर खडा हलला होता हे त्यांना कळायला दुसरा मार्ग नाही.