आम्ही पण उत्तरेकडचेच

कोटगिरी (निलगिरी), बुधवार, रात्री

बोटं गारठलीत, अक्षर वाकडं येतंय. अक्का दोन रजया ओढून केव्हाच झोपली. तिसरी मला मिळाली ती मागून घेतल्यावर. बेळगावात आपण थंडीची केवढी फुशारकी मारतो! साडेसातशे मीटरवर राहतो म्हणून पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना शाल दाखवायची. इथली उंची १,८०० मीटरच्या आसपास. उतरली फुशारकी.

प्रवासाचं फार लिहीत नाही. रात्रीच्या गाडीने बेंगळूर, तिथून कोइंबतूर, मग मेट्टुपाळयम. तिथून वर सरकारी बस, ३३ किलोमीटर, नुसती वळणं. अक्काने सगळा घाट लिंबू हुंगत काढला. उटीला जाणारी छोटी रेल्वे सोडून इकडं कशाला, असं घरी सगळ्यांनी विचारलं होतं. गर्दी नको होती, एवढंच. कोइंबतूरचा कलेक्टर जॉन सुलिव्हन १८१९ साली आधी इथंच बंगला बांधून राहिला आणि उटी त्यानं नंतर वसवली. तो बंगला आम्ही बाहेरून पाहिला, कारण पाऊस आला.

पाऊस म्हणजे नवलच. आपल्याकडं सुगी चाललीय, कापलेलं भात शिवारात पडलंय, ढग दिसला तरी जीव खालीवर होतो. आणि यांचा ईशान्येकडून येणारा पाऊस ऐन भरात. सात वाजता बाजार सामसूम. चहाच्या टपरीवर तेवढा दिवा होता. तिथं कापडी गाळणीतून डिकॉक्शन उंचावरून ओतून देतात आणि सोबत वर्की, म्हणजे आपल्या खारीची थोरली बहीण. तमिळ दोघींनाही येत नाही, मग बोटं दाखवून हिशेब केला.

गुरुवार, दुपारी

सकाळी चहाचा कारखाना बघितला. मला वाटलं होतं पानं वाळवायची, झालं. तसं नाही. लांबलचक हौदांवर पाला पसरून खालून वारा सोडतात. रात्रभर त्यात तो मलूल होतो, हातात घेतला तर ओल्या फडक्यासारखा लागतो, मोडत नाही. मग दातेरी रुळांच्या जोड्यांतून जातो आणि पलीकडं हिरवागार भुगा पडतो. तोच भुगा तास-दीड तासात तांबूस होत जातो, आपण कापून ठेवलेलं सफरचंद काळवंडतं तसा. वास मात्र चहाचा नसतो अजून, कापलेल्या गवताचा आणि कसल्याशा फळाचा असतो. तापलेल्या भट्टीतून बाहेर आला की मग ओळखीचा. चार-साडेचार किलो पाल्यातून एक किलो चहा निघतो. चाळून शेवटी जी बारीक पूड उरते तीच आपल्या टपरीवरची. इतकी वर्षं मी तिला 'कचरा' म्हणत आलेय.

बाहेर छोटे शेतकरी पोत्यांतून पाला घेऊन उभे होते. एकाला थोडी कानडी येत होती. तोडलेला पाला त्याच दिवशी कारखान्यात पडला पाहिजे, ठेवला तर गेला. म्हणून भाव कारखान्याचा, घाई शेतकऱ्याची. अक्का एकदम जागी झाली. तिचं सासर हुक्केरी तालुक्यातलं, बारा एकर ऊस. "बघ की, हे आपल्या उसाचंच झालं की गं!" तोडलेला ऊस फडात वाळतो, वजन घटतं, आणि दरासाठी दर नोव्हेंबरात लोक रस्त्यावर बसतात. मग दोघांनी अर्धा तास कारखानदारांचा उद्धार केला. मी पाण्याची बाटली धरून उभी.

गुरुवार, रात्री

आजची खरी गोष्ट राहूनच गेली होती.

त्या शेतकऱ्यानं घरी नेलं. इथल्या बडग लोकांची 'हट्टी', म्हणजे वस्ती, एका रांगेत चिकटून घरं. त्याची आज्जी ओसरीवर. अंगाभोवती पांढरं वस्त्र, डोक्याला पांढरा रुमाल. तिनं आत हाक मारली आणि त्या वाक्यात 'हालु' ऐकू आलं. पाल नाही, हालु! कालपासून टपऱ्यांवर दुधाला तमिळ 'पाल, पाल' ऐकत होतो. अक्का आणि मी एकमेकींकडं बघितलं. दूध हालु, घर मने. आपलीच कानडी, पण आधी कधी न ऐकलेल्या वळणाची.

माझी कानडी कचेरीतली. अर्ज, सही, 'उद्या या'. १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं त्याचा राग आमच्या अप्पांनी शेवटपर्यंत धरला. घरात कानडी शब्द आला की जेवताना खडा लागावा तसं तोंड करायचे. मी ती भाषा पगारासाठी शिकले. नाइलाजानं बोलते, बऱ्यापैकी बोलते, आणि आज आज्जीसमोर ती तोंडातून निघेना. अक्काची मात्र शेताच्या बांधावरची, म्हशी-पोरांची कानडी. ती सरळ आज्जीशेजारी टेकली. अर्धं कळत होतं, अर्धं हातवाऱ्यांनी. म्हशी किती, सुना किती, गुडघे कसे. खरं सांगायचं तर मला हेवा वाटला. अप्पा असते तर, असंही मनात येऊन गेलं.

कानडीत बडगु म्हणजे उत्तर. काही शतकांपूर्वी यांचे पूर्वज उत्तरेकडून, म्हैसूरच्या बाजूनं डोंगरावर चढून आले, म्हणून बडग. हे नातवानं सांगितलं. तुम्ही कुठल्या, असं आज्जीनं विचारलं. बेळगाव तिला माहीत नव्हतं. म्हैसूरच्याही पुष्कळ वर, असं अक्कानं हात लांब करून दाखवलं आणि म्हणाली, "म्हणजे आम्ही पण बडगच की!" आज्जी तोंडाला पदर लावून हसत राहिली. कोल्हापूरकरांना आम्ही दक्षिणेकडचे, बेंगळूरवाल्यांना उत्तरेकडचे. आज पहिल्यांदा त्यावर कुणी हसलं.

शहापूर, बेळगाव, मंगळवार

तिकडून आणलेली पूड आज उकळली. रंग फार गडद आला, दूध वाढवावं लागलं. तेवढ्यात अक्काचा फोन. टोळी आली, ऊसतोड सुरू झाली, पहिली ट्रॉली गेली. दर काय, विचारलं.

"अजून ठरला नाही की," म्हणाली, "आज्जीच्या नातवाचा नंबर घेतलीस काय गं?"

घेतला नव्हता.