कोणत्या राशीचा? कुठल्याच नाही

राम मारुती रोडवर सराफाच्या दुकानात असो, लग्नाच्या पंगतीत असो की सोसायटीच्या जिन्यात, माझ्या गळ्यातलं लॉकेट पाहून ठाण्यात एक प्रश्न ठरलेला: "हा खडा कोणत्या राशीचा गं?" तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

हा कुंझाइट. नवरत्नांत तो नाही. रत्न म्हणून त्याची ओळख पटली तीच १९०२ साली, कॅलिफोर्नियातल्या पाला इथल्या खाणींत. न्यूयॉर्कच्या टिफनी कंपनीचे रत्नतज्ज्ञ जॉर्ज फ्रेडरिक कुंझ यांनी तो ओळखला आणि १९०३ मध्ये त्यांचंच नाव त्याला मिळालं. त्यामुळे साडेसाती, शुक्र, पत्रिका यांतलं मी काहीही सांगू शकत नाही. मी तो निव्वळ रंगासाठी घालते, आणि दागिना घालायला एवढं कारण पुरतं असं माझं ठाम मत आहे.

रंग कसा? सोललेल्या लाल कांद्याचा आतला पातळ पापुद्रा खिडकीसमोर धरून बघा. गुलाबी म्हणावा तर जांभळ्याकडे झुकतो, जांभळा म्हणावा तर गुलाबी राहतो. ही सगळी करणी मँगनीजच्या अंशाची. मूळ खनिज स्पोड्युमीन, म्हणजे ज्यातून बॅटऱ्यांसाठी लिथियम काढतात तेच. खाणीतून निघणारा त्याचा बहुतेक माल करडा-पांढरा, अपारदर्शक असतो. त्याच कुळात हे असं पाणीदार काही निपजावं याचं मला अजून नवल वाटतं.

पण खरी गंमत पुढे आहे. कुंझाइटचा रंग सगळ्या बाजूंनी सारखा नसतो. लांबट स्फटिकाच्या टोकाकडून आत पाहिलं तर तो सर्वांत गडद दिसतो; आडवा धरला की फिका, कधी जवळजवळ बिनरंगी. हे बघायला उपकरण लागत नाही, नुसता हातात फिरवायचा. म्हणून पैलू पाडणाऱ्याला खड्याचं तोंड टोकाच्या दिशेलाच ठेवावं लागतं. त्यात स्फटिक लांब आणि अरुंद, म्हणजे रंग साधायचा तर मोठ्या आकारावर पाणी सोडायचं. वर हा दगड दोन दिशांनी सरळ चिरतो. चाकावर एक चुकीचा दाब आणि तुकडे हातात. चांगला कुंझाइट दिसला की मी आधी मनातल्या मनात कारागिराला दाद देते.

सुदैवाने निसर्ग इथे हात आखडता घेत नाही. अफगाणिस्तान, ब्राझील, मादागास्करमधून मोठे आणि स्वच्छ स्फटिक येतात. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ब्राझीलचा ८८० कॅरेटचा, हृदयाच्या आकाराचा कुंझाइट आहे. छोट्या खड्यात हा रंग विरळ पडतो, त्याला खोली लागते. घ्यायचाच तर थोडा मोठा घ्या.

आता नाजूकपणाचं. सततच्या कडक उन्हात कुंझाइट फिका पडतो. त्यामुळे मेमध्ये भर दुपारी स्टेशनपर्यंत चालत जाताना तो माझ्या गळ्यात नसतो. संध्याकाळी तलावपाळीला किंवा गडकरी रंगायतनला नाटकाला जाताना असतो. "मग असला खडा हवाच कशाला?" असंही विचारतात. हिरा सगळं सोसतो, त्याचं कौतुक आहेच. पण रोज अंगावर असलेल्या वस्तूकडे आपण बघेनासे होतो. कुंझाइटची डबी उघडली की मी दर वेळी थांबून बघते.

घेताना फार गडद खडा समोर आला तर रंग नैसर्गिक आहे का, हे स्पष्ट विचारा. किरणोत्सर्गाने रंग गडद करतात, नेहमीच्या तपासणीत तो प्रकार बहुधा पकडता येत नाही, आणि असा रंग उन्हात टिकेलच असंही नाही. मला स्वतःला मध्यम छटाच आवडते. अंगठीपेक्षा लॉकेट किंवा कानातलं करा, कारण हात सतत कुठे ना कुठे आपटतो. धुवायला कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश. दुकानातल्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये तो अजिबात टाकू देऊ नका. आणि कारागिराला बजावून सांगा, डाग देण्याचं, म्हणजे तापवून सांधे जोडण्याचं, सगळं काम आधी उरकायचं, खडा अगदी शेवटी बसवायचा. आच त्याला सोसत नाही.