तांब्यावरचा डावखुरा इरास्मस

छापचित्रांच्या वर्गात पहिल्यांदा तांब्याची प्लेट हातात आली तेव्हा मी त्यावर आजोबांचं नाव कोरलं. ब्युरिन, म्हणजे कोरायचं टोकदार हत्यार, पुढे रेटायचं आणि वळण आलं की हात नाही, प्लेट फिरवायची. टोकापुढे तांब्याची बारीक कुरळी तार निघते. दोन दुपारी गेल्या. शाई भरली, पुसली, प्रेसमधून कागद काढला, तर नाव उलटं! आजोबा म्हणाले, "असू दे, आरशात झकास दिसतंय."

तेव्हापासून जर्मन चित्रकार ड्यूररनं १५२६ साली कोरलेला विद्वान लेखक इरास्मस बघताना माझी नजर चेहऱ्याआधी मागच्या पाटीवर जाते.

इरास्मस मेजाशी उभा राहून लिहितोय. उजव्या हातात लेखणी, डाव्या हातात दौत. अंगात घोळदार झगा, त्याच्या एकेका चुणीत रेघांची दाटी. एवढा नावाजलेला माणूस, पण मागे महाल नाही की बाजूला घोडा नाही. सगळा थाट पुस्तकांचा. पुढ्यातच जाडजूड पोथे मांडलेत, त्यातला एक उघडा. आणि ती पाटी! रोमन शिलालेखासारखी, त्याच्या डोक्याहून कितीतरी मोठी. लॅटिनमध्ये लिहिलंय की अल्ब्रेख्त ड्यूररनं ही प्रतिमा प्रत्यक्ष पाहून काढली. त्याखाली ग्रीक ओळ: याहून सरस प्रतिमा त्याचे ग्रंथ दाखवतील. आता युरोपात तेव्हा ग्रीक येणारे असे कितीसे? ज्याला ती ओळ लागली, तो आपोआप त्या पंगतीतला. चित्रकार क्वेंतिन मात्सिसनं १५१९ साली केलेल्या इरास्मसच्या पदकावरही हीच ओळ आहे. तैलचित्र एकाच्या भिंतीवर राहतं. प्लेटवरून मात्र प्रतींमागून प्रती निघतात आणि गावोगावच्या विद्वानांकडे जातात.

'प्रत्यक्ष पाहून' हे जरा सैलच म्हणायचं. दोघं भेटले होते नेदरलँड्समध्ये, १५२० च्या सुमारास. तेव्हा ड्यूररनं कोळशानं त्याचं रेखाचित्र काढलं होतं. प्लेट कोरली ती पुढे पाच-सहा वर्षांनी. इरास्मसला काही चेहरा पटला नाही. त्यानं पत्रात लिहिलं की मी पाच वर्षांपूर्वीचा राहिलो नाही, तेव्हा चित्र जुळलं नाही यात नवल ते काय. मलाही त्या चेहऱ्यापेक्षा पुस्तकंच जास्त जिवंत वाटतात.

पण हे सगळं ड्यूररनं उलटं कोरलंय. प्लेटवर इरास्मस डावखुरा, लॅटिन उलटं, ग्रीकही उलटं. परवा स्क्रीनवर चित्र मोठं करकरून एखादं अक्षर फसलंय का ते शोधत बसले होते. एकही सापडलं नाही.