खणातली स्टेपनी

माझ्या टेबलाच्या खणात दोन ई-रीडर (पुस्तकं वाचायची यंत्रं) पडून असायचे आणि तिसरा हातात. घरचे याला हावरटपणा म्हणतात, मी स्टेपनी म्हणतो.

मागे एकदा हातातल्याचा चार्जिंग पोर्ट सैल झाला, म्हणून खणातला कोराकरकरीत बाहेर काढला. पडद्यावर चित्र ठसठशीत. म्हटलं, गडी तयार आहे! बटण दाबलं, तर काहीच नाही. ई-इंकची, म्हणजे कागदावरच्या शाईसारख्या दिसणाऱ्या या पडद्याची, हीच तर गंमत. पान बदलताना वीज लागते, दिसत राहायला लागत नाही. त्यामुळे मेलेला रीडरसुद्धा डुलकी काढतोय असं वाटतं. रात्रभर चार्जरला लावून ठेवला, पण हूं नाही की चूं नाही.

चूक माझीच. लिथियमची बॅटरी वापरली नाही तरी तिचं वय होतच असतं. काठोकाठ भरून ठेवली तर लवकर झिजते, अगदी रिकामी झाली तर कधीकधी उठतच नाही. मी तो जवळजवळ रिकामाच ठेवून विसरलो होतो.

मग उघडायला घेतला. सगळा गोंदाने चिकटवलेला. हेअर ड्रायरने कडा गरम केल्या, गिटारची पट्टी फटीत सरकवली, आणि ‘टिक्’. या पडद्यात काचेचा पातळ थर असतो, तो गेला. बॅटरीसाठी पडदा घालवला, म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

खणातला दुसरा मात्र जुनापुराणा, मागे स्क्रूवाला. त्याचीही बॅटरी थकलेलीच होती. झाकण काढलं, वायरींचा क्रम नव्या बॅटरीशी ताडून पाहिला (माप तेच असलं तरी हा क्रम वेगळा असू शकतो), कनेक्टर बसवला. दहा मिनिटांत काम फत्ते. पानं रेंगाळत उलटतो, पण वाचायची मला तरी कुठे घाई आहे?

२००७ सालच्या पहिल्या किंडलचं, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-रीडरचं, मागचं झाकण सरकवून बॅटरी काढता यायची. २००९ च्या दुसऱ्यात ती सोय गेली. आता युरोपीय संघाच्या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडले तर, ग्राहकाला स्वतः बॅटरी बदलता येईल अशीच उपकरणं तिथे विकावी लागतील. म्हणजे वीस वर्षांनी गाडी मूळ पदावर.

या म्हाताऱ्यासाठी एक जादा बॅटरी आणून ठेवावी, असं सारखं मनात येतं. पण तीही खणात म्हातारीच होणार. लागेल तेव्हाच आणायची. तेव्हा मिळेल ना, एवढीच काय ती धाकधूक.