फुलांचं कुत्रं, लाल वाईन आणि अण्णांचं ठिबक

इथे बारच्या दारावर कुत्र्याच्या चित्रावर लाल फुली मारलेली पाटी दिसली की मी पुढच्या बारकडे वळते. माझ्याबरोबर कुत्रं नसतं, तरीही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

झालं असं, की स्पेनमध्ये 2023 साली प्राणीकल्याणाचा नवा कायदा आला आणि 29 सप्टेंबरपासून लागू झाला. त्यातलं एक कलम असं, की बारवाल्याला कुत्रं आत घ्यायचं नसेल तर तशी पाटी त्यानं बाहेरून दिसेल अशी लावायची. म्हणजे तसदी मनाई करणाऱ्यानं घ्यायची. पाट्यांची हौस आपल्यालाही कमी नाही, पण असा उलटा हिशोब मी कुठे पाहिला नव्हता. याच कायद्यानं कुत्र्याला सलग चोवीस तासांपेक्षा जास्त वेळ एकटं ठेवायला बंदी आहे, आणि दुकानाबाहेर खांबाला बांधून आपण आत खरेदी करत बसायलाही. मग लोक त्याला आतच घेऊन येतात. शनिवारी दुपारी मी राहते त्या बिल्बाओच्या जुन्या गावात टोळकी निघतात, एका बारमध्ये छोटा पेला वाईन, मग पुढचा बार, मग त्याच्या पुढचा. या फेरीला ते चिकितेओ म्हणतात. माणसं काउंटरला रेलून बडबडतात, कुत्री पायाशी लोळतात. माझी ऑर्डर घ्यायच्या आधी शेजारच्या लॅब्रेडॉरपुढे पाण्याचं भांडं येतं, आणि मला त्याचा जराही राग येत नाही.

हो, मी वाईन पिते. आईला माहीत आहे, मावशीला आता कळेल. 2022 मध्ये आपल्या सरकारनं सुपरमार्केटात वाईन ठेवू द्यायचं ठरवलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आणि पुढे ते बारगळलंच. आमच्या घरी त्यावर जेवताना चर्चा झाली होती आणि आईनं एका वाक्यात निकाल दिला होता: "बाटलीतली ती दारूच." इथं अंगणवाडीच्या वयाची मुलं आणि त्यांचे आजोबा एकाच बारमध्ये बसलेले बघून माझा धीर चेपला, एवढंच. रिओखाची द्राक्षपट्टी इथून गाडीनं तास-दीड तासात येते. तिथली लाल क्रियांसा म्हणजे किमान दोन वर्षं मुरवलेली, त्यातलं एक वर्ष ओकच्या पिंपात. आणि चाकोली नावाची इथलीच पांढरी, किंचित फेसाळ वाईन. ती बाटली उंच धरून पेल्यात ओततात, निम्मी मजा ओतण्यातच.

पण आज लिहायला बसले ते पपीसाठी.

इथल्या गुगेनहाइम कलासंग्रहालयाच्या दारात पपी नावाचं एक कुत्रं बसलंय. उंची 12.4 मीटर, म्हणजे आपल्याकडची चार मजली इमारत. जात वेस्ट हायलंड टेरियर, आणि अंगावर केसांऐवजी फुलं. अमेरिकन कलाकार जेफ कून्सनं ते 1992 साली आधी जर्मनीत उभं केलं, 1997 पासून ते इथलं झालं. आत स्टेनलेस स्टीलचा सांगाडा, त्यावर माती, आणि मातीत सुमारे 38,000 रोपं. मे आणि ऑक्टोबर, वर्षातून दोनदा सगळी रोपं उपटून नवी लावतात. उन्हाळ्यात बिगोनिया, पिटुनिया वगैरे, थंडीत पॅन्सी. त्या दिवसांत चहूबाजूंनी परांची बांधलेली असते आणि कुत्र्याच्या कानामागे हेल्मेट घातलेला एक माळी निवांत बसून रोपं खोचत असतो. लावणी नुकतीच झाली की फुलांमधून काळी माती दिसते, कुत्र्याला खरूज झाल्यासारखी. दोन-तीन आठवड्यांत अंग भरून येतं.

कलेतले जाणकार याला नाकं मुरडतात. शुभेच्छापत्रावरचं गोंडस चित्र मोठं करून ठेवलंय म्हणतात. म्हणोत बापडे. रडत ऑफिसातून निघालेली मी त्याच्यासमोरच्या बाकावर बसून शांत झालेली आहे, आणि आतल्या गंभीर शिल्पांपैकी एकानंही माझ्यासाठी एवढं केलेलं नाही. शिवाय या कुत्र्यापायी एका माणसाचा जीव गेलाय. संग्रहालयाच्या उद्घाटनाआधी काही दिवस, ऑक्टोबर 1997 मध्ये, इथल्या बास्क फुटीरतावादी ईटा संघटनेचे अतिरेकी माळी बनून आले होते, कुंड्यांमध्ये ग्रेनेड लपवून. त्यांना हटकणाऱ्या पोलिसाला, चेमा आगिरेला, त्यांनी गोळ्या घातल्या. समोरच्या चौकाला आज त्याचं नाव आहे. पर्यटक तिथं उभे राहून सेल्फी घेतात.

2021 मध्ये पपीच्या पोटातली पाण्याची यंत्रणा बदलायची वेळ आली तेव्हा संग्रहालयानं चक्क लोकांकडे वर्गणी मागितली. एक लाख युरोंचं लक्ष्य. कुत्र्याला पाणी घालायला वर्गणी! गणपतीची पावती फाडत मोठी झालेली मी, ही बातमी वाचून आधी हसले आणि नंतर जरा हेवा वाटला.

अण्णांना व्हिडिओ कॉलवर पपी दाखवला. सोलापूरजवळ नान्नजच्या बाजूला आमची द्राक्षबाग आहे. ते बराच वेळ टक लावून बघत होते, मला वाटलं भारावले.

"आत ठिबक हाय का गं?"

"हो अण्णा, आतून पाइप फिरवलेत."

"ड्रिपर चोकअप झालं की काय करत्यात? फुलं काढून बघत्यात व्हय?"

मला उत्तर देता आलं नाही. मग त्यांनी खत पाण्यातून सोडतात का, फिल्टर कुठं बसवलाय, उताराला पाणी खाली उतरून मान कोरडी पडत असेल, असं एकेक काढलं. खरं सांगते, संग्रहालयाच्या माहितीफलकापेक्षा या प्रश्नांनी मला ते शिल्प जास्त कळलं. आता मी तिथं गेले की आधी मान बघते.

रिओखातल्या बागाही त्यांना दाखवल्या होत्या. मांडव नाही, वेल चढवायला वाय आकाराचे खांब नाहीत, गुडघ्याएवढी वाकडी झुडपं. अण्णांना त्यांची कीवच आली. "एवढालं मणी? जीए दिलं न्हाई व्हय?" जीए म्हणजे मणी फुगवायचं संजीवक. त्यांना सांगितलं की वाईनला बारीक, जाड सालीचा, बियांचाच मणी लागतो. पटलं नाही. नान्नजच्या नानासाहेब काळ्यांच्या सोनाका जातीच्या द्राक्षांचे लांबलचक मणी ज्यानं हातात घेतलेत त्याला हे कसं पटावं?

त्याच बागेत मालकाचं एक कुत्रं होतं, पांढऱ्या भुवयांचं, म्हातारं. ते वाट दाखवत पुढे चालायचं. मालकीणबाईंनी सगळ्यांना आधीच बजावलं, त्याला द्राक्ष भरवू नका. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांना विषारी असतात. किडनी निकामी होऊ शकते, आणि किती खाल्ले की बाधेल याचा नेम नाही. त्यातल्या टार्टरिक आम्लावर संशय आहे. मी द्राक्षबागेत वाढले, घरात कायम कुत्री, आणि हे मला स्पेनमध्ये कळावं! त्याच रात्री अण्णांना फोन केला. ते म्हणाले, "राजा मणी खात न्हाई. त्येला भाकरी लागतीय." बेदाण्याच्या शेडला कडी लावायचं मात्र त्यांनी कबूल केलं.

राजा आमचा. त्याला इथं का आणलं नाही हे मला बरेच जण विचारतात, विशेषतः इथले. भारतातून युरोपात कुत्रं आणायचं तर मायक्रोचिप, रेबीजची लस, लसीनंतर किमान तीस दिवसांनी रक्त काढून युरोपनं मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत तपासणी, आणि रक्त घेतल्यापासून पुढे तीन महिने थांबायचं. शिवाय विमानाच्या पोटात पिंजरा. तो आता म्हातारा आहे. एकरांवर हुंदडलेलं जनावर तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत काय करणार? इथं पाऊस किती पडतो हे सोलापूरच्या कुत्र्याला समजावणार कोण? आणि अण्णांना रात्री बागेत जायला सोबत लागते. सगळी कारणं खरी आहेत.

माद्रिदला गेले होते तेव्हा प्रादो संग्रहालयात मी रांग लावली ती दोन कुत्र्यांसाठी. वेलास्केझच्या 1656 च्या 'लास मेनिनास'पुढे गर्दी असते ती राजकन्येसाठी. उजव्या कोपऱ्यात एक दांडगं कुत्रं डोळे मिटून पडलंय आणि दरबारातला एक बुटका त्याच्या पाठीवर पाय देतोय. कुत्रं ढिम्म. राजा-राणी, चित्रकार, दासी, सगळे कुणासाठी तरी उभे आहेत. हा एकटा तिथं राहतो असं वाटतं. दुसरं गोयाचं. म्हातारपणी, बहिरेपणात, त्यानं घराच्या भिंतींवर जी काळी चित्रं काढली त्यांतलं एक. अख्खं चित्र पिवळट मातकट रंगाचं आणि तळाशी फक्त कुत्र्याचं डोकं, वर बघणारं. ते बुडतंय की टेकाडामागून डोकावतंय यावर लोक वाद घालतात. मला ते बघवलं नाही, दोनदा परत जाऊन बघितलं. वाईनही आहे तिथं: वेलास्केझनंच काढलेला वाईनचा देव बाकस आणि त्याच्याभोवतीचे झिंगलेले शेतकरी. त्यातला टोपीवाला हसरा गडी हुरड्याच्या दिवसांत मी मंगळवेढ्याला नक्की पाहिलाय.

आता थोडं आपल्या बाजूनं. ऑफिसातल्या एकीनं विचारलं, "तुमच्याकडे कुत्री रस्त्यावर मोकळीच फिरतात ना?" आवाजात दया. मी म्हटलं, मोकळी असतात, पण बेवारस नसतात सगळी. आमच्या मामाच्या गल्लीतला मोत्या चार घरांत जेवतो आणि पाचव्या घरच्या पायरीवर झोपतो. लहान मुलांना कुत्री चावतात, रेबीजनं माणसं मरतात, हे मला माहीत आहे, आणि ते मी तिला सांगितलं नाही. उलट विचारलं, तुमच्या गाल्गोंचं काय? गाल्गो म्हणजे इथली शिकारी, सडपातळ कुत्री. हंगाम संपला की कित्येकांना शिकारी सोडून देतात. आणि ज्या कायद्याचं मी वर एवढं कौतुक केलं, त्यातून शिकारी कुत्री चक्क वगळलीत. पहिल्यांदा एका बारमध्ये असा सोडवून आणलेला गाल्गो पाहिला तेव्हा मी दचकलेच. लांबोडकं तोंड, मोजता येतील अशा फासळ्या, आत गेलेलं पोट. हुबेहूब आपल्या धनगरांच्या कळपामागचं कारवान कुत्रं. त्याच्या मागच्या पायावर जुना वण होता. मालकीण वाईनचा पेला टेबलावर ठेवून दर पाच मिनिटांनी खाली वाकून त्या वणावरून अंगठा फिरवायची.

आणि कुत्र्यांची कला आपल्याकडे नाही असंही कुणी समजू नये. मी आयुष्यात पाहिलेलं पहिलं कुत्र्याचं चित्र अक्कलकोटहून आणलेल्या दत्ताच्या तसबिरीतलं. चार कुत्री म्हणजे चार वेद, हे आजी सांगायची. मी चौघांना नावं ठेवली होती, पांढऱ्याचं टिपू. बाळ्याच्या खंडोबाला जायचो तेव्हा घोड्यापेक्षा राक्षसावर झेपावणारं कुत्रं मला जास्त आवडायचं. पंढरपुरात नामदेव भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावला, म्हणजे विषय तर आपल्याकडे पहिल्यापासून आहे. कर्नाटकात आतकूरला तर दहाव्या शतकातला वीरगळ सापडलाय, रानडुकराशी झुंजून मेलेल्या काळी नावाच्या कुत्र्याचा. पपीच्या आधी हजार वर्षं. फक्त आपण यांच्यापुढे हात जोडतो, वाईनचा पेला घेऊन बसत नाही. मला दोन्ही हवंय, हा माझा दोष.

आणि वाईनसाठी तरी एवढ्या लांब यायची गरज नव्हती. अकलूजला, आपल्याच जिल्ह्यात, मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेची अशा तीन घरच्या भावांनी मिळून फ्रातेल्ली नावाची वायनरी उभी केली. तिथं इटलीची सँजिओवेसे पिकते. मी सोलापुरात होते तेव्हा अकलूजला गेले ती लग्नांना.

यंदा आले की जायचं ठरलंय. अण्णांना बारीक मण्यांची बाग आपल्या मातीत बघायची आहे, आई गाडीतच बसणार म्हणते. राजाला बरोबर न्यायचं मी सुचवलं आणि कुत्र्याला आत घेतात का ते आधी फोन करून विचारा म्हटलं. अण्णा म्हणाले, "कुत्र्याला आत घेता काय, आसं मी इचारू? लोकं काय म्हणतील? तूच कर की तिथनं फोन, तुला सवय झालीय."