तुम्ही विचारलंत म्हणून: सहाशे किलोमीटर आणि एक आठवडा

‘मोठ्या स्की रिसॉर्टला आठवडाभर जातोय. सगळा डोंगर बघून होईल असा प्लॅन सांगाल का?’ हा प्रश्न मला दर वर्षी थंडी पडायच्या आधीच येऊ लागतो. सोबत बहुतेक वेळा नकाशाचा फोटो असतो आणि त्यावर पेनाने गोल केलेले असतात. सोमवारी ही दरी, मंगळवारी पलीकडची, बुधवारी सगळ्यात उंच शिखर. माझं उत्तर ऐकून विचारणारा जरा हिरमुसतो. सगळा डोंगर बघायचाच नाही, असं मी सांगते. एक कोपरा निवडा, तिथेच मुक्काम करा, आणि उरलेला डोंगर हवा बिघडेल त्या दिवसासाठी हाताशी ठेवा. मोठ्या रिसॉर्टचे जास्तीचे पैसे आपण या निवडीच्या सोयीसाठी मोजतो.

आधी त्या आकड्यांबद्दल. फ्रान्समधलं ‘त्रोआ व्हाले’, म्हणजे कुर्शेव्हेल, मेरिबेल, व्हाल तोरांस वगैरे गावं मिळून झालेलं क्षेत्र, ६०० किलोमीटरचे उतार सांगतं. ऐकून छाती दडपते. पण हे किलोमीटर मोजायची रीत सगळीकडे सारखी नाही. कुणी उताराच्या मधोमध सरळ रेघ धरून मोजतं, तर कुणी स्की करणारा नागमोडी वळणं घेत जेवढं अंतर कापेल तेवढं धरतं. क्रिस्टोफ श्राहे या जर्मन सल्लागाराने बऱ्याच रिसॉर्टांचे उतार स्वतः मोजून काढले, तेव्हा अनेकांचे जाहिरातीतले आकडे फुगवलेले निघाले. अमेरिकेत आणि कॅनडात तर किलोमीटर सांगतच नाहीत, एकर सांगतात. कॅनडातलं व्हिसलर ब्लॅककोंब ८,१७१ एकरांचं आहे, पण हद्दीच्या आतली झाडी आणि कडेही त्यातच आले. म्हणून दोन रिसॉर्टांचे आकडे शेजारी ठेवून ‘हे मोठं, ते लहान’ ठरवण्यात मी वेळ घालवत नाही. मी नकाशावर वेगळंच बघते: सोपे उतार एकमेकांना जोडलेले आहेत का, दमलेल्या माणसाला लिफ्टने, म्हणजे डोंगरावर ने-आण करणाऱ्या दोरावरच्या पाळण्याने, खाली येता येतं का, आणि संध्याकाळी घरी परतायचा सोपा रस्ता कुठला.

उतार किती अवघड हे सांगणाऱ्या नकाशावरच्या रंगांवरही डोळे झाकून विसंबू नका. युरोपात निळा सोपा, लाल मधला, काळा अवघड. फ्रान्समध्ये निळ्याच्याही आधी हिरवा असतो. अमेरिकेत हिरवा गोल, निळा चौकोन, काळा हिरा. पण हे वर्गीकरण त्या त्या डोंगरापुरतं असतं. एकीकडचा निळा दुसरीकडच्या लालला भारी पडू शकतो. नव्या जागी पहिली सकाळ नेहमीपेक्षा एक रंग खाली काढावी, यात कमीपणा काहीच नाही.

आता मुक्कामाचं गाव. माझ्या मते अख्ख्या सहलीतला सगळ्यात मोठा निर्णय हाच, आणि लोक तो खोलीचे फोटो बघून घेतात.

जोडलेल्या दऱ्यांच्या रिसॉर्टात एका दरीतून दुसरीत जायला ठरावीक लिफ्ट असतात आणि त्या दुपारी ठरलेल्या वेळी बंद होतात. त्यातली शेवटची चुकली की डोंगरावरून जवळ वाटणारं गाव एकदम लांब जातं, कारण गाडीरस्ता दरीच्या तळापर्यंत उतरून पुन्हा वर चढतो. टॅक्सीवाले या चुकीवर छान जगतात. स्वित्झर्लंडमधल्या झरमॅटहून वर चढून इटलीतल्या चेर्विनियाला उतरता येतं, आणि दुपारचं जेवण दुसऱ्या देशात करायची मजा आहेच. पण वरचा टप्पा खूप उंचावर आहे, वारा सुटला की तो बंद होतो, आणि मग तुम्ही सीमेच्या चुकीच्या बाजूला. त्या बाजूसाठी लिफ्टचा पासही वेगळा लागतो. असा दिवस आकाश स्वच्छ असेल आणि वाऱ्याचा अंदाज चांगला असेल तेव्हाच ठेवावा, तारीख आधी ठरवून नव्हे. इटलीतल्या डोलोमाइट्स डोंगरांमधली ‘सेला रोंदा’ ही सेला पर्वताभोवतीची फेरीही तशीच. घड्याळाच्या दिशेने जायला नारिंगी पाट्या, उलट दिशेने हिरव्या. अवघड नाही, पण लांब आहे. सकाळी लवकर निघाला नाहीत तर शेवटचे टप्पे बर्फाचं सौंदर्य सोडून मनगटावरचं घड्याळ बघत कापावे लागतात.

मग गाव उंचावरचं घ्यावं की खालचं? उंचावर बर्फाची खात्री जास्त. व्हाल तोरांस २,३०० मीटरवर आहे, त्यामुळे खालच्या गावांत पाऊस पडत असताना तिथे बर्फ पडतो. पण एवढ्या उंचीवर झाडं नसतात, आणि झाडांचं महत्त्व हवा बिघडल्याशिवाय कळत नाही. ढग खाली आले की बर्फ आणि आकाश एकाच रंगाचे होतात, उंचवटा कुठे आणि खड्डा कुठे काही कळेनासं होतं. झाडं असली की नजरेला आधार मिळतो. म्हणून माझी पसंती मधल्या उंचीच्या गावाला, जिथून ऊन असेल तर वर जाता येतं आणि हवा बिघडली तर खालच्या जंगलातल्या उतारांवर दिवस निघतो. शिवाय झोपायची जागा फार उंच असली की काहींचं डोकं पहिल्या दोन रात्री ठणकतं. कोलोराडोतलं ब्रेकनरिज गावच सुमारे २,९०० मीटरवर आहे. तिथे पोचल्या दिवशी पाणी भरपूर, दारू नाही, आणि पराक्रम तर नाहीच.

सोबत शिकाऊ मंडळी असतील तर गोंडोलाजवळच्या (बंद डब्याच्या लिफ्टजवळच्या) खोलीपेक्षा स्की स्कूलजवळची खोली घ्या. रोज सकाळी बूट घालून, खांद्यावर स्की टाकून बर्फातून चालणं हा स्वतंत्र व्यायाम आहे.

तारखांचं थोडक्यात सांगते. फेब्रुवारीत युरोपातल्या शाळांना सुट्ट्या असतात. फ्रान्समध्ये त्या तीन विभागांत पुढेमागे दिल्या जातात, तरी गर्दी व्हायची ती होतेच. अमेरिकेत फेब्रुवारीतला तिसरा सोमवार सुट्टीचा, तो आठवडा टाळा. जानेवारीचा मध्य थंड पण मोकळा, मार्चमध्ये दिवस मोठा आणि बर्फ दुपारनंतर मऊ. आल्प्समध्ये बरीच घरं शनिवार ते शनिवार भाड्याने जातात, तेव्हा शनिवारी घाटरस्त्यावर काय होत असेल याची कल्पना करा.

भाड्याच्या सामानात मी फक्त बुटांसाठी भांडते. बुटाचा नंबर म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकायला हवीत आणि गुडघे वाकवल्यावर सुटायला हवीत. ‘जरा सैल बरा’ म्हणून मोठा घेतलेला बूट दुसऱ्या दिवशी नडगी सोलून काढतो. मोजा एकच, पातळ; दोन जाड मोजे घातले की पाय आवळतो आणि उलट गारठतो. दुकानदार वजन, उंची, वय आणि स्की कितपत येतं हे विचारतो, तेव्हा खरं सांगा. पडल्यावर स्की पायातून कधी सुटायची, हे तो त्यावरूनच ठरवतो. कौशल्य फुगवून सांगितलं तर हवी तेव्हा ती सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. वजन चोरून सांगणाऱ्यांची स्की भलत्या वेळी सुटते.

दिवसाची आखणी उलटीकडून करा. लिफ्ट साधारण चारच्या सुमारास बंद होतात. तीनपर्यंत आपल्या दरीत परत, हे आधी ठरवायचं आणि मग सकाळी किती लांब जायचं ते. सगळे साडेबाराला जेवायला बसतात, म्हणून साडेअकराला जेवून घ्या, रांगा रिकाम्या मिळतात. गावाकडे उतरणारा शेवटचा उतार संध्याकाळी माणसांनी भरतो, खरवडून कडक होतो आणि पायात त्राण उरलेलं नसतं. तिथे गोंडोलात बसून खाली या. गटाचा वेग सगळ्यात कच्च्या माणसाचा. हे कुणाला पटणार नसेल तर सरळ दोन गट करा आणि जेवायला एकत्र भेटा.

विमा काढताना हिवाळी खेळांचा उल्लेख आहे का ते वाचा. साध्या प्रवास विम्यात तो बऱ्याचदा नसतो, आणि आखलेल्या उतारांबाहेर गेलात तर काय, हेही तिथेच बघा. आणि पास. नवशिक्याला संपूर्ण क्षेत्राचा पास पहिल्या दिवशी लागत नाही. छोट्या भागाचा घ्या. नंतर फरक भरून तो वाढवून मिळतो का, हे पैसे देण्याआधी खिडकीवर विचारा.